चार वजा दोन : आरुषी प्रकरणातील एका सोप्या हिशोबाचा प्रतिवाद

आरुषी तलवार आणि हेमराज यांचे खून १५ आणि १६ मे २००८ च्या मधल्या रात्री नोएडातील जलवायू विहार वसाहतीत झाले. आरुषीचा चौदावा वाढदिवस आठवड्याभरावर आला होता. हेमराज नेपाळहून कामासाठी आलेला, पंचेचाळिशीतला, त्याच घरात राहणारा घरकामगार होता. या दोन खुनांसाठी आरुषीच्या आईवडिलांना, म्हणजे दंतवैद्य राजेश आणि नूपुर तलवार यांना, गाझियाबादच्या विशेष सीबीआय न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये जन्मठेप सुनावली आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. इतके होऊनही या प्रकरणाचा विषय निघाला की एक मजकूर थोड्याफार फरकाने पुढे सरकवला जातो. त्याचा गोषवारा असा : घरात त्या रात्री चौघेच होते, त्यांतले दोघे मेले आणि दोघे उरले, बाहेरून कोणी आल्याची खूण नाही, शेजारच्या खोलीतल्या आईवडिलांना चाहूलही लागली नाही यावर विश्वास बसत नाही, गळे वैद्यकीय सफाईने चिरलेले होते आणि डोक्यावरचे घाव गोल्फच्या काठीचे होते, खुनामागचे कारण उघड होते आणि आईवडिलांची वागणूक त्याहून उघड होती, पुढे पैसा आणि वकील यांच्या बळावर ते सुटले.

या मजकुराचा जोर त्याच्या पहिल्या वाक्यात आहे. बाकीची वाक्ये ऐकणाऱ्याला आधीच पटलेली गोष्ट घट्ट करण्यापुरती येतात, म्हणून प्रतिवादाचा बराचसा भाग त्या पहिल्या वाक्यावरच खर्च करावा लागेल. आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आईवडील निर्दोष आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी या लेखाने घेतलेली नाही, आणि दुसऱ्या कोणाला दोषी ठरवण्याची तर मुळीच नाही. ज्या पुराव्यावर हा हिशोब उभा आहे तो पुरावा न्यायालयासमोर आल्यावर त्याचे काय झाले, एवढेच पाहायचे आहे.

चारांतून दोन वजा करण्याची ही रीत या प्रकरणात पहिल्यांदा वापरली गेली ती आईवडिलांविरुद्ध नव्हे. १६ मेच्या सकाळी आरुषी तिच्या खोलीत मृतावस्थेत आढळली आणि हेमराज घरात नव्हता, तेव्हा पोलिसांनी नेमका हाच हिशोब मांडला : घरात चौघे होते, एक मेली, दोघे समोर उभे आहेत, चौथा बेपत्ता आहे, म्हणजे खुनी चौथाच. हेमराजला संशयित ठरवून त्याचा शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी, १७ मे रोजी, त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. गच्चीच्या दाराला कुलूप होते, जिन्यात आणि दारावर रक्ताचे डाग होते, तरी पहिल्या दिवशी ते कुलूप तोडले गेले नाही. वजाबाकी बरोबर केली होती, पण ज्या आकड्यांवर ती केली ते कोणी तपासून पाहिले नव्हते. तीच रीत पुढे आईवडिलांना लावली गेली, तेव्हा आकडे तपासले गेले का, हा खरा प्रश्न आहे.

‘घरात चौघेच होते’ हे विधान सिद्ध होण्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : चौघे शेवटचे एकत्र दिसले त्यानंतर पाचवे कोणी आत आले नाही, आणि सकाळी घर आतून बंद होते. पहिल्या गोष्टीसाठी सरकार पक्षाकडे तलवारांच्या वाहनचालकाची साक्ष होती. त्याने रात्री साडेनऊच्या सुमारास चौघांना घरात पाहिले होते. खून मध्यरात्रीनंतर झाल्याचे वैद्यकीय मत होते. म्हणजे मधले निदान अडीच तास मोकळे राहतात. वसाहतीचे रखवालदार रात्री फिरते असत आणि फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवत नसत. हे पोलिसांनंतर तपास हाती घेतलेल्या सीबीआयनेच आपल्या डिसेंबर २०१० च्या अहवालात, प्रकरण बंद करण्याची परवानगी मागताना, लिहिले आहे.

दुसरी गोष्ट दारांची आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय या खटल्याविषयी मत बनवू नये असे मला वाटते. या घराला एकामागे एक तीन दारे होती : सर्वांत बाहेर लोखंडी जाळीचे दार, त्याच्या आत दुसरे जाळीचे दार, आणि शेवटी लाकडी दार. हेमराजच्या खोलीलाही दोन दारे होती, एक घरात उघडणारे आणि दुसरे बाहेरच्या व मधल्या दारांमधल्या बोळात उघडणारे. सकाळी सहाच्या सुमारास घरकाम करणाऱ्या बाईने घंटी वाजवली तेव्हा नूपुर तलवार यांनी लाकडी दार उघडले आणि मधले दार बाहेरून बंद असल्याचे जाळीतून सांगितले. बाई किल्ली घेण्यासाठी खाली गेली आणि परत वर आली, तेव्हा मधल्या दाराला कुलूप नसून बाहेरून नुसती कडी लावलेली होती.

मधले दार बाहेरून कडी लावून बंद केलेले असणे हे बाहेरचा माणूस कडी लावून निघून गेल्याचे लक्षण असू शकते. सरकार पक्षाचे म्हणणे उलट होते : सर्वांत बाहेरचे दार आतून बंद होते, कडी आईवडिलांपैकीच कोणीतरी लावली, आणि हेमराजच्या खोलीतून फिरून ते पुन्हा घरात आले. या कथनाचा सारा भार एका गोष्टीवर होता, ती म्हणजे बाई पहिल्यांदा आली तेव्हा सर्वांत बाहेरचे दार खरोखर आतून बंद होते काय. त्याला आधार एकच, त्या बाईची साक्ष. दार ढकलूनही उघडले नाही, असे तिने न्यायालयात सांगितले. आणि उलटतपासणीत, आपल्याला जे समजावून सांगितले तेच आपण सांगत आहोत, असेही सांगितले. उच्च न्यायालयाने तिची साक्ष पढवलेली मानली आणि त्या आधारावर बाहेरचे दार आतून बंद होते असा निष्कर्ष काढायला नकार दिला. त्या बाईला दोष देण्याचे कारण नाही, कारण एक गरीब साक्षीदार न्यायालयात उभी राहून खरे तेच बोलून गेली. पण तिच्या त्या वाक्यानंतर ‘घर आतून बंद होते’ हे विधान कोणाच्या साक्षीवर उभे राहते, याचे उत्तर फिरणाऱ्या मजकुरात कुठेही नाही.

बाहेरच्या माणसाची खूण नाही, हे दुसरे विधानही नोंदींशी जुळत नाही. जेवणाच्या टेबलावर मद्याची एक बाटली होती आणि तिच्यावर आरुषी व हेमराज या दोघांचेही रक्त होते. त्या बाटलीवरच्या बोटांच्या ठशांचे स्पष्टीकरण देणारा पुरावा नाही, हीदेखील सीबीआयच्याच अहवालातली नोंद आहे. याहून गंभीर गोष्ट उशीच्या एका अभ्र्याची आहे. तलवारांच्या घराबाहेरच्या, त्याच वसाहतीतल्या एका खोलीतून जप्त केलेल्या जांभळ्या अभ्र्यावर हेमराजचे रक्त असल्याचे हैदराबादच्या डीएनए प्रयोगशाळेने २००८ मध्येच लिहून दिले होते. हा उल्लेख तपासयंत्रणेच्या कागदांत पडून राहिला. २०११ मध्ये तलवारांनी तो उच्च न्यायालयासमोर आणला, तेव्हा सांगण्यात आले की टंकलेखनात चूक झाली असून दोन वस्तूंचे क्रमांक अदलाबदल झाले आहेत, आणि तसे स्पष्टीकरण प्रयोगशाळेकडून नंतर मागवण्यात आले. चूक खरोखर झाली असेलही, कारण प्रयोगशाळांत चुका होतात. पण पुरावा ज्या पक्षाच्या विरोधात जातो त्याच पक्षाने तो उघड झाल्यावर दुरुस्त करून घ्यावा, आणि ती दुरुस्ती आरोपीविरुद्ध धरली जावी, हे कोणत्याही खटल्यात मान्य होण्यासारखे नाही. या अभ्र्यावरून त्या खोलीत राहणारा माणूस दोषी ठरत नाही. ‘बाहेरची एकही खूण नाही’ हे विधान मात्र त्यामुळे करता येत नाही. त्या रात्री घरात बाहेरची व्यक्ती असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा निष्कर्ष उच्च न्यायालयाने काढला तो अशा अनेक गोष्टी एकत्र पाहून.

आता कारणाकडे येऊ, कारण मजकुरातला सर्वांत विषारी भाग तोच आहे. २३ मे २००८ रोजी राजेश तलवार यांना अटक झाल्यावर एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेतली आणि वडिलांनी मुलीला व घरकामगाराला नको त्या स्थितीत पाहून संतापाच्या भरात दोघांना मारले, अशा आशयाची कथा देशाला सांगितली. त्याच परिषदेत या अधिकाऱ्याला मृत मुलीचे नावही धड सांगता आले नाही. तेव्हापासून तेरा वर्षांच्या मुलीच्या चारित्र्याची जाहीर चर्चा सुरू झाली ती अजून पूर्णपणे थांबलेली नाही. सरकार पक्षाची कथाही पुढे याच रुळावर राहिली : हेमराज आरुषीच्या खोलीत होता, तिथेच दोघांवर हल्ला झाला, आणि नंतर हेमराजला चादरीत गुंडाळून गच्चीवर ओढत नेले.

ही कथा खरी असेल तर आरुषीच्या खोलीत हेमराजचे रक्त सापडायला हवे. डोक्यावर जबर आघात झालेला आणि गळा चिरलेला माणूस जिथे पडला तिथे त्याच्या रक्ताचा थेंबही राहू नये, असे होत नाही. आरुषीच्या चादरीवर आणि उशीवर तिचे रक्त मुबलक होते. हेमराजचे रक्त तिथे मिळाले नाही, आणि ही उणीव सीबीआयने स्वतःच आपल्या अहवालात नोंदवली. पुढे मात्र, हेमराजचे रक्त असलेली उशी आरुषीच्या खोलीत मिळाली होती, असे वरिष्ठ न्यायालयांपुढे मांडले गेले. खटला चालताना मुद्देमालाचे ते पाकीट उघडले, तेव्हा त्यावरच्या चिठ्ठीत ही उशी हेमराजच्याच खोलीतून जप्त केल्याचे लिहिलेले निघाले. म्हणजे एका माणसाचे रक्त त्याच्याच उशीवर मिळाले होते. हेमराजला आरुषीच्या खोलीत नेऊन ठेवणारा एकमेव भौतिक दुवा एवढाच होता, आणि तो नव्हताच. तो निघाल्यावर कारणाची कथा पूर्णपणे निराधार होते, कारण हेमराज त्या खोलीत गेलाच नसेल तर तिथे काही पाहून संताप येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वैद्यकीय पुराव्याचा हवाला देऊन या कथेला आधार देण्याचा प्रयत्नही झाला. आरुषीच्या शवविच्छेदनाच्या मूळ अहवालात या संदर्भात काहीही असाधारण आढळले नसल्याचे लिहिले होते. त्याच डॉक्टरांनी पुढे, तपास सीबीआयच्या दुसऱ्या पथकाकडे गेल्यानंतर, वेगळी निरीक्षणे सांगायला सुरुवात केली. देह समोर असताना जे दिसले नाही ते काळ लोटल्यावर स्मरणातून दिसू लागले, याला पुराव्याचे मोल किती द्यावे हे उघड आहे आणि उच्च न्यायालयाने ते दिले नाही. याहून अधिक तपशिलात जाण्याची गरज नाही. मृत मुलीची तेवढी अब्रू तरी राखली जावी.

शस्त्रांची गोष्ट थोडक्यात आटोपता येते. सीबीआयच्या पहिल्या पथकाला घाव खुकरीचे वाटले, दुसऱ्या पथकाला डोक्यावरचे घाव गोल्फच्या काठीचे आणि गळ्यावरचे शस्त्रक्रियेच्या सुरीचे वाटले. गोल्फच्या काठ्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि एकीवरही रक्त किंवा डीएनए मिळाले नाही. काही काठ्या इतरांपेक्षा स्वच्छ दिसतात, एवढेच त्यातून निघाले. शस्त्रक्रियेची सुरी तर कधी जप्तच झाली नाही. न सापडलेल्या शस्त्रावरून ते वापरणाऱ्याचा व्यवसाय ओळखणे, आणि मग त्या व्यवसायावरून आरोपी ओळखणे, ही उलट्या दिशेने केलेली वाटचाल आहे. शिवाय दंतवैद्याचा रोजचा संबंध गळ्याशी नसून दातांशी असतो, हे सांगावे लागावे याचे थोडे आश्चर्य वाटते.

कपड्यांचा पुरावा मात्र या मजकुरात कधीच येत नाही, आणि तो महत्त्वाचा आहे. आईवडिलांनी वाढदिवसाची आगाऊ भेट म्हणून आरुषीला त्याच संध्याकाळी डिजिटल कॅमेरा दिला होता. रात्री दहाच्या सुमारास तिने त्यातून छायाचित्रे काढली. एका छायाचित्रात आईच्या अंगावर जे कपडे दिसतात ते सीबीआयने जप्त केले, आणि त्यांवर रक्त आढळले नाही. वडिलांच्या कपड्यांवर आरुषीचे रक्त होते, जे मृत मुलीजवळ गेलेल्या बापाच्या कपड्यांवर असणारच. हेमराजचे रक्त नव्हते. दोन माणसांचे गळे चिरून, एकाला जिना चढवून गच्चीवर ओढत नेणाऱ्यांच्या अंगावर दुसऱ्या मृताच्या रक्ताचा माग नसावा, हे ‘कपडे बदलून नष्ट केले’ असे म्हणून उडवून लावता येते. पण मग नष्ट केलेल्या कपड्यांचाही पुरावा द्यावा लागतो, आणि रक्ताळलेले कपडे कधीही मिळाले नाहीत, हीदेखील सीबीआयचीच कबुली आहे.

आवाज ऐकू कसा आला नाही, हा प्रश्न सर्वांत स्वाभाविक आहे आणि तो विचारणाऱ्याला मी दोष देणार नाही. दोन शयनगृहे शेजारी होती, मधली भिंत जाड नव्हती. आईवडिलांचे म्हणणे असे की वातानुकूलन यंत्र चालू होते आणि ते झोपले होते. हे म्हणणे खोटे ठरवण्यासाठी ते जागे होते असे दाखवावे लागते, आणि त्यासाठी सरकार पक्षाने इंटरनेटच्या राउटरच्या नोंदी पुढे केल्या : रात्रभर राउटर अधूनमधून चालू-बंद होत होता, म्हणजे कोणीतरी तो वापरत होते. ही नोंद ऐकायला प्रभावी आहे. पण तसाच चालू-बंद होण्याचा क्रम १६ मेच्या सकाळनंतरही दिसतो, जेव्हा घर पोलिसांनी आणि नातेवाइकांनी भरलेले होते आणि कोणी इंटरनेट पाहत बसलेले असण्याची सुतराम शक्यता नव्हती. जी नोंद दोन्ही वेळी सारखीच आहे तिच्यावरून एका वेळी माणूस जागा होता असे सिद्ध होत नाही. उच्च न्यायालयानेही तसा निष्कर्ष काढायला नकार दिला.

वागणुकीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते रडले नाहीत, ते शांत होते, त्यांनी गच्चीची किल्ली दिली नाही, त्यांनी पोलिसांना हेमराजच्या मागे पाठवले, असे आरोप आहेत. पहिल्या दिवशी हेमराज बेपत्ता होता आणि खुद्द पोलिसांचाही तोच समज होता. तलवारांनीही तोच बाळगला यात संशयास्पद काय आहे? गच्चीचे कुलूप तोडण्यासाठी पोलिसांना गृहस्वामीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आणि मूल गेल्यावर आईने किती वेळ व कोणासमोर रडावे याचे मोजमाप कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

कायद्याचा एक मुद्दा या मजकुराचे अधिक वाचलेले समर्थक आवर्जून काढतात, त्याची दखल घ्यायला हवी. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०६ नुसार, म्हणजे आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ नुसार, जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीत असते ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. घराच्या चार भिंतींत गुन्हा घडला तर घरात असलेल्यांनी खुलासा केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. घरात सुनांचे जीव घेणारे याच तत्त्वामुळे शिक्षेपर्यंत पोहोचले. पण त्याच निकालात हेही आहे की प्राथमिक भार सरकार पक्षावरच राहतो, तो फक्त काहीसा हलका होतो. कलम १०६ लागू होण्यासाठी आधी दाखवावे लागते की घर खरोखर बंद होते आणि आत असलेल्यांखेरीज कोणालाही काही करणे शक्य नव्हते. दाराची साक्ष कोसळली की ही पायरीच राहत नाही, आणि मग आरोपीकडे खुलासा मागण्याचा अधिकारही राहत नाही. परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी तर पुण्याच्या एका खटल्यातून आलेल्या शरद बिरधीचंद सारडा निकालाने १९८४ मध्येच घालून दिली आहे : प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी, तिची संगती केवळ आरोपीच्या दोषाशीच लागावी, आणि आरोपी निर्दोष असण्याची प्रत्येक वाजवी शक्यता बाद व्हावी. ‘बहुधा त्यांनीच केले असेल’ आणि ‘त्यांनीच केले’ यांतले अंतर त्या निकालाने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

या प्रकरणात विशेष न्यायालयाने ते अंतर कसे ओलांडले, यावर उच्च न्यायालयाचे न्या. ए. के. मिश्रा यांनी स्वतंत्र टिपणात जे लिहिले ते या हिशोबाला थेट लागू पडते. गणिताचा शिक्षक एखादे कोडे सोडवतो तसे विशेष न्यायाधीशांनी हे प्रकरण सोडवले, आणि चित्रपट दिग्दर्शकाप्रमाणे विखुरलेल्या घटनांना जुळवून कथा बनवली, असा त्यांच्या टीकेचा आशय आहे. इतकी कडक भाषा वापरायला हवी होती का, याविषयी मतभेद असू शकतात. मला स्वतःला ती खालच्या न्यायाधीशांबाबत जरा जास्तच कठोर वाटते, कारण तो हिशोब त्यांनी मांडलेला नव्हता. पाच वर्षे सगळा देश तोच मांडत होता.

पैशाच्या जोरावर सुटले, हा आरोप तपशिलाच्या एका धक्क्याने कोसळतो. पैसा तोच होता, वकीलही नामांकित होते, तरी राजेश तलवार २००८ मध्ये सुमारे ५० दिवस तुरुंगात राहिले आणि २०१३ नंतर दोघेही जवळजवळ चार वर्षे डासना तुरुंगात होते. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयने राजेश तलवार यांच्यावर संशय व्यक्त करूनही पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्या अहवालाला विरोध करणारा अर्ज तलवारांनीच केला आणि पुढे तपास व्हावा अशी मागणी केली. सुटायचेच असते तर गप्प बसणे सोयीचे होते. यावर असे म्हणता येईल की अहवालात संशय त्यांच्यावरच ठेवला होता म्हणून त्यांना तो पुसायचा होता. ते मान्य केले तरी हा अर्ज खटला टाळू पाहणाऱ्या माणसाचा वाटत नाही. त्या अर्जानंतर फेब्रुवारी २०११ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी अहवाल फेटाळला आणि अर्जदारांनाच आरोपी म्हणून बोलावले. ज्यांच्याकडे पैसा नाही असे असंख्य कच्चे कैदी निकालाची वाट पाहत वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत असतात ही तक्रार खरी आहे, पण ती व्यवस्थेविरुद्धची तक्रार आहे आणि या दोघांच्या दोषाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होत नाही. शिवाय याच प्रकरणात अटक झालेले तीन गरीब मदतनीसही मुदतीत आरोपपत्र दाखल न झाल्याने सुटले. त्यांच्याविरुद्ध फिरवल्या जाणाऱ्या नार्को चाचण्यांच्या चित्रफिती हा पुरावा नाही, कारण सक्तीच्या नार्को चाचण्या घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० च्या सेल्वी निकालात सांगितले आहे. तलवारांविरुद्ध जी कसोटी लावायची तीच या तिघांनाही लावायला हवी. आईवडिलांची बाजू घेणारे लोक हे विसरतात तेव्हा त्यांचाही प्रतिवाद व्हायला हवा.

‘संशयाचा फायदा मिळाला, निर्दोष ठरले नाहीत’ हे वाक्य हल्ली शेवटचा आधार म्हणून वापरले जाते. उच्च न्यायालयाने संशयाचा फायदा दिला हे खरे आहे, आणि सीबीआयने तसेच हेमराजच्या पत्नीने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले हेही खरे आहे. निकालावर अपील करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि हेमराजच्या कुटुंबाच्या वेदनेची या सगळ्या चर्चेत फारच थोडी दखल घेतली गेली आहे. पण संशयाचा फायदा ही न्यायालयाने केलेली दया नव्हे. पुराव्याने दोन निष्कर्ष निघू शकत असतील तर आरोपीच्या बाजूचा स्वीकारावा, हा नियम प्रत्येक आरोपीला लागू आहे, आणि त्याने सुटलेला माणूस कायद्याने सुटलेलाच असतो.

‘मग खुनी कोण ते सांगा’ असा प्रश्न मजकूर फिरवणारे सर्वांत शेवटी विचारतात. तो आरोपींना किंवा त्यांची बाजू मांडणाऱ्यांना विचारण्याचा प्रश्न नाही. ज्यांनी गच्चीचे दार पहिल्या दिवशी उघडले नाही आणि घटनास्थळी गर्दी होऊ दिली, त्यांना तो विचारायला हवा. मध्यरात्रीनंतर आठ मिनिटांपासून सकाळी सहापर्यंत काय घडले याचा नेमका क्रम स्पष्ट नाही, हे सीबीआयने स्वतः लिहिले आहे. आरुषीचा मोबाइल २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील बुलंदशहरात सापडला, तेव्हा त्यातील माहिती पुसलेली होती. सकाळी सहाच्या सुमारास नूपुर तलवार यांनी घरच्या दूरध्वनीवरून हेमराजच्या मोबाइलवर फोन केला, तो उचलला गेला आणि लगेच बंद झाला. तो कोणी उचलला हे कळलेले नाही. आईवडिलांना दोषी मानणारे म्हणतील की फोन त्यांनीच जवळ ठेवला होता आणि कामवाल्या बाईसमोर हा देखावा केला. तसे असल्यास तो फोन घरात किंवा घराच्या आसपास मिळायला हवा होता, कारण त्यानंतर काही वेळातच घर लोकांनी आणि पोलिसांनी भरले. हेमराजचा मोबाइल त्यांच्यापैकी कोणालाही मिळाला नाही.